स्टीमपंक आणि बाबांचा खोकला

मंडळाच्या वाचनालयात पोरांसमोर विज्ञानकथेवर बोलाल का, असं विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. राग होता ना डोक्यात. हल्ली दिसेल त्या शब्दाला लोक ‘पंक’ चिकटवतात, लग्नपत्रिकेला हळद लावावी तसं. चार पितळी चक्रं काढली की झालं स्टीमपंक. डोंबलाचं.

कांचघर मोहल्ल्यातल्या आमच्या घरात बाबांच्या खाटेशी बसून मी व्याख्या लिहीत होते. बाबा संरक्षण खात्याच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेले. आई गेल्यापासून आम्ही दोघंच, आणि तिसरा त्यांचा खोकला.

“काय लिहून राहिली?”

मी वाचून दाखवलं. स्टीमपंक म्हणजे वाफेचं युग सरलंच नाही असं धरून रचलेलं जग. डिझेलपंकात महायुद्धांच्या काळातली तेलकट, धुरकट यंत्रं. सायबरपंकात संगणक आभाळाला टेकलेला आणि माणूस गटारात. सोलारपंकात ऊन, झाडं, थोडी आशा.

“अन् पंक काहून?”

“पहिला शब्द यंत्र सांगतो, बाबा. पंक म्हणजे त्या यंत्राखाली भरडला जाणारा, अन् तरी त्याला नाही म्हणणारा माणूस. तो नसला तर नुसती सजावट.”

बाबा बराच वेळ खोकले. मग म्हणाले, “आम्ही नाही म्हटलं असतं तर फॅक्टरी चालली असती का?”

त्याच आठवड्यात छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. फोटो बघून डॉक्टर म्हणाले, “बाऊजी, फैक्टरी में किस चीज़ का काम था? धूल, एसिड, पाउडर? पता चले तो उसी हिसाब से इलाज करूँ.”

“सरकारी काम था,” बाबा म्हणाले. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच.

आमच्याकडे ही रीतच होती. फॅक्टरीतली गोष्ट गेटबाहेर न्यायची नाही. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्यांना एकमेकांचं सेक्शन माहीत नसायचं. आईनं कधी विचारलं नाही, फक्त त्यांचे कपडे वेगळे धुतले. आम्हाला त्याचा केवढा अभिमान.

ऑटोत माझं डोकं फिरलं. “तुमच्या फुप्फुसात काय साचलंय ते कळून दुश्मन काय करणार आहे हो?”

“गुप्ततेच्या कागदावर सही केली आहे मी.”

“तेव्हा पोरगे होते तुम्ही.”

“शब्द शब्द असतो, बेटा.”

डॉक्टरांनी अंदाजानं औषधं दिली. ती लागू पडली नाहीत. होळीच्या आधी बाबा गेले. मला दुःखापेक्षा संताप जास्त आला, खोटं काय बोलू.

तेराव्याला त्यांच्या शेजारच्या मशीनवरचे काका आले. मी त्यांना आतल्या खोलीत नेलं. “काका, आता तर झालं सगळं. तिथं काय होतं, तेवढं सांगा.”

काकांनी उठून दार लावलं. मला वाटलं, आता सांगतील. ते बसले आणि खोकू लागले. तसाच कोरडा खोकला, अगदी तळातून. मी पाणी दिलं.

“तुम्ही तरी तुमच्या डॉक्टरला सांगा,” मी म्हटलं. हात जोडले अक्षरशः.

“तुझ्या बाबानं सांगितलं होतं?”

“नाही.”

“मग झालं तर,” काका म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.