दोन दिवस आधी

मसुऱ्याचा सत्यवान एकवीस वर्षं कुडाळच्या एमआयडीसीत, एका लहान कारखान्यात माल रवाना करायचं काम बघत होता. माल एकच. गाडीचा सायलेन्सर ज्यांवर टांगलेला असतो, त्या रबरी कड्या. गिऱ्हाईकही एकच, पुण्याजवळची एक मोटार कंपनी. रबर दाबून कड्या काढणाऱ्या प्रेसवर सात बायका. त्यातली एक त्याची बायको, तुळसा. गिऱ्हाईक गेलं तर सातही जणी घरी, हे त्याला पाठ होतं.

आंगणेवाडीच्या जत्रेला या बायका रजेवर जायच्या. त्यांना अडवायची हिंमत मालकातही नव्हती. पण या जत्रेला पंचांगातली ठरलेली तिथी नाही. देवीचा कौल मिळतो, मग तारीख ठरते. तारीख कळली की सत्यवान पुण्याला फोन लावायचा. तिथले साहेब हसायचे. “दोन दिवस आधी पाठव. देवीला माझा नमस्कार सांग.”

साहेब निवृत्त झाले. त्यांच्या खुर्चीत कोणी बसलंच नाही. आता कंपनीच्या कॉम्प्युटरकडून इथल्या कॉम्प्युटरला दर सोमवारी वेळापत्रक यायचं. कुठल्या दिवशी, किती वाजता, किती कड्या. ते सांभाळायला समीक्षा नावाची मुलगी ठेवली. ऑगस्टमध्ये कंपनीच्या कॉम्प्युटरने पुढच्या वर्षाच्या सुट्ट्यांच्या तारखा मागितल्या.

“काका, जत्रेची तारीख काय लिवू?”

“देवीन अजून सांगूक नाय. त्येका सांग, वायच धीर धर.”

“तो धीर धरणा नाय, काका.”

रकाना कोरा राहिला.

आणि नेमकी जत्रेच्याच दिवसाची मागणी आली. नऊशे कड्या, सकाळी दहाला, गेटवर. कौल मिळून तारीख कळली, तोवर बदल सुचवायची मुदत टळली होती.

“आधी पाठवूची सोयच नाय ह्यात,” समीक्षा म्हणाली.

“अगो, माल आधी गेलो तर रागावतलो कोण?”

बायकांनी दोन रविवार प्रेस चालवली. टेम्पो दोन दिवस आधी कंपनीच्या गेटवर उभा राहिला. तिथल्या पडद्यावर त्या दिवशी त्याचा नंबर नव्हता. ड्रायव्हरचा फोन आला, आत सोडत नाहीत. सत्यवानने साहेबांचा जुना नंबर फिरवला. रिकाम्या टेबलावर फोन वाजत राहिला. दोन दिवस गेटवर थांबू देईनात, म्हणून संध्याकाळी टेम्पोला परत फिरवलं. जत्रेच्या सकाळी दहा वाजता नऊशे कड्या कुडाळला, कुलूप लावलेल्या फाटकाबाहेर होत्या. सातही बायका ओटीच्या रांगेत होत्या. टेम्पोचा ड्रायव्हरही जत्रेला गेला होता.

कंपनीने दोन चुका नोंदवल्या. बोलावलं नसताना आले. बोलावलं तेव्हा आले नाहीत.

“आधी धाडल्यात म्हणान शिक्षा?” तुळसा म्हणाली. “मगे उशीर करणाऱ्यांका काय हार घालतत?”

 

पुढच्या सोमवारी वेळापत्रकात शून्य आलं. त्याच्या पुढच्याही. पत्र नाही, फोन नाही. प्रेस थंड झाली. बायका घरी बसल्या. शेजारणी तुळसाला विचारतात, कामावर जाणंस नाय गो? ती विहिरीवर आता उशिरा जाते.

मालकाने मात्र आशा सोडलेली नाही. म्हणून सत्यवान आणि समीक्षा अजून सोमवारी येतात. वेळापत्रकाला नऊच्या आत उत्तर गेलं नाही, तर तीही चूक धरतात.

“काका, शून्यच आसा. काय करू?”

सत्यवान भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतो.

“स्वीकार म्हणान धाड,” तो म्हणतो. “येळेत धाड.”