पीं वाजंपतोर सोडायचं न्हाय

साठ माणसांनी मतं दिली होती. प्रत्येकानं पाच. म्हणजे बेरीज तीनशे व्हायला हवी. मशीन दोनशे एकेचाळीस म्हणत होतं.

मी निकालाचं बटण परत दाबलं. दोनशे एकेचाळीस. तिसऱ्यांदाही तेच.

देसाई साहेबांनी चष्मा पुसायला घेतला. आमच्या तीन माणसांच्या समितीचे ते अध्यक्ष. सरकारी नोकरीत असताना त्यांनी कितीतरी निवडणुका पार पाडल्या होत्या. त्यांनी चष्मा काढला की समजायचं, साहेब तापलेत.

"मॅडम, एकोणसाठ मतं कुठं गेली?"

"बघते साहेब."

"बघते म्हणजे? पास झाल्याच्या रिपोर्टवर सही तुमची आहे."

होतीच. तीन दिवसांपूर्वी मीच केली होती, निळ्या शाईत, चांगली झोकात. आता तिच्याकडे बघवत नव्हतं.

आधी मी कोण ते सांगते. शाहूपुरीत पंपाच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर माझी टेस्टिंग लॅब आहे. वजनकाटे, मीटर, कंट्रोल पॅनेल, जे येईल ते मी तपासते. आपल्याच जिल्ह्यात दूध घालणाऱ्या सभासदांची एक मोठी संस्था आहे. नाव सांगत नाही. तिच्या संचालक मंडळाची निवडणूक दरवेळी कागदी मतपत्रिकेवर व्हायची आणि मतमोजणीत हमखास भांडणं. यावेळी संस्थेनं मशीन आणायचं ठरवलं. हे लोकसभा-विधानसभेचं मशीन नव्हे. त्याचं सगळं वेगळं असतं. हे पुण्याच्या एका छोट्या कंपनीनं खास बनवलेलं. ते कसं असावं याचं मानक लिहायचं काम आमच्या समितीकडे आलं आणि तांत्रिक भाग माझ्या गळ्यात पडला. खरं सांगायचं तर मीच गळा पुढं केला होता.

मानक म्हणजे अटींची यादी. मशीन किती उन्हात चाललं पाहिजे, टेबलावरून पडलं तर काय, लाइट गेली तर काय, सील कुठं लावायचं. मी बावीस पानं लिहिली. एकेका ओळीवर दोन-दोन दिवस घासले. आमच्या घरात मत या गोष्टीला फार मान. माझे वडील गिरणीत हमाली करायचे, पण मतदानाच्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालायचे. म्हणायचे, "आपल्या आज्या-पणज्याला कुणी इचारलं न्हाय. आज सायबाच्या म्होरं माझा नंबर हाय." त्या माणसाच्या मुलीनं मतं मोजायचं मशीन पास केलं होतं आणि त्यातून एकोणसाठ मतं गळली होती. मी घाबरले होते, दुसरा शब्द नाही.

मतदानाला आठ दिवस राहिले होते. जयसिंगपूरच्या एका हॉलमध्ये ही रंगीत तालीम होती. गावोगावचे साठ सभासद बोलावले होते. कुणाला मत द्यायचं याच्या चिठ्ठ्या आम्हीच प्रत्येकाला दिल्या होत्या, म्हणजे नंतर पडताळता येईल. लोकांचा चहा होऊन ते मांडवाच्या सावलीत बसले होते. आम्ही आत एका टेबलाभोवती मशीन उघडून.

कंपनीचा इंजिनियर नितीन इथलाच, कागलकडचा. त्यानं वायर बघितली. मी व्होल्टेज बघितलं. मेमरी तपासली. सगळं ठणठणीत. तास गेला. माझा चहा साय धरून तसाच.

मग नितीननं मशीनची डायरी काढली. मशीन आपली एक डायरी ठेवतं. कुणाला मत दिलं ते नसतं त्यात, पण कितव्या मतदारानं कधी निवड केली, कधी रद्द केली ते असतं. नितीननं कागद वाचला आणि त्याचा चेहरा खुलला.

"मॅडम, मशीन बरोबर हाय की! लोकांनीच रद्द केल्यात मतं. हे बघा. निवड, रद्द. निवड, रद्द. एकोणसाठ येळा."

मी मोजलं. बरोबर एकोणसाठ.

देसाई साहेबांनी चष्मा डोळ्यावर चढवला. "म्हणजे लोकांनी चिठ्ठी नीट वाचली नाही. चला, सुटलो."

मलाही सुटल्यासारखं वाटलं. दोन मिनिटं. मग मी तालमीची रांगेची यादी घेऊन बाहेर गेले आणि डायरीत ज्या क्रमांकावर सगळ्यात जास्त रद्द होते त्या सभासदाला आत बोलावलं. पाचपैकी चार मतं रद्द करणारा असा कोण बहाद्दर ते बघावं म्हटलं.

हौसाक्का आल्या. साठीच्या, उंच्यापुऱ्या, चार म्हशींच्या मालकीण. धारा काढून काढून हाताची बोटं पकडीसारखी घट्ट.

"आक्का, तुम्ही चार मतं रद्द केलीत?"

"कुणी? मी?" त्यांचा आवाज मांडवापर्यंत गेला. "मी कशाला रद्द करू? भाडं खर्चून आलोय हितं! पाचच्या पाच दाबल्यात म्या. चांगली दाबून."

"जरा परत करून दाखवता?"

"व्हय की. त्यात काय."

त्यांनी पदर खोचला. पहिल्या नावासमोरच्या बटणावर अंगठा ठेवला आणि अंगाचा सगळा भार त्यावर टाकला. लाल दिवा लागला. अंगठा तसाच. एक सेकंद, दोन सेकंद. दिवा विझला. मग त्यांनी अंगठा उचलला आणि दुसऱ्या नावाकडे वळल्या.

"आक्का, एवढा वेळ का धरून ठेवलंत?"

"पीं वाजंपतोर सोडायचं न्हाय, म्हाईत न्हाय व्हय तुमास्नी? हर इलेक्शनला सांगत्यात. हितं पीं काय वाजंना. पण दिवा इझला. म्हटलं, ह्या मशीनचं तसंच आसंल. दिवा इझला म्हंजे मत आत गेलं."

पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय ते मला त्या टेबलापाशी कळलं.

कारण दोन सेकंदांचा तो नियम माझा होता. कलम सात-तीन. या निवडणुकीत एकेका मतदाराला पाच मतं असतात, त्यामुळं चुकून भलत्या नावाचं बटण दाबलं तर ते रद्द करता आलं पाहिजे. प्रत्येक नावाला रद्द करायचं वेगळं बटण दिलं तर मशीन टेबलाएवढं होईल. म्हणून मी शक्कल लढवली. बटण दाबून लगेच सोडलं तर निवड. दोन सेकंद दाबून धरलं तर रद्द. लांब "पीं" शेवटी एकदाच, हिरवं "मत नोंदवा" बटण दाबल्यावर. मतदारानं पाचपेक्षा कमी मतं दिली तरी मशीन अडवायचं नाही, तो त्याचा हक्क. मोबाइलवर आपण दाबून धरतोच की काही काढून टाकायला, असं मी साहेबांना मोठ्या ऐटीत समजावलं होतं. लॅबमध्ये आम्ही चौघांनी आपल्या नाजूक बोटांनी हजारो वेळा बटणं दाबली. एकही मत चुकलं नाही.

इथं मात्र माणसं आयुष्यभर एकच धडा गिरवत आलेली. बटण धरून ठेवायचं, पीं वाजल्यावर सोडायचं. जो जास्त काळजीनं मत देईल त्याचं मत आधी जाणार, असं यंत्र मी लिहून दिलं होतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

हौसाक्का माझ्याकडे बघत होत्या. "काय वो बाई, माझं काय चुकलं?"

"नाही आक्का. तुमचं नाही."

त्या बाहेर गेल्यावर नितीन खुर्ची ओढून जवळ आला आणि आवाज खाली घेतला. "मॅडम, टेन्शन घिऊ नका. सॉफ्टवेअरमधला एक आकडा बदलायचा. दोन सेकंदाचं साठ करतो. दहा मिन्टाचं काम. कुणाला कळत पण न्हाय."

मोह झाला. झाला नाही असं म्हणणार नाही. पण मशीनच्या सॉफ्टवेअरचा एक ठसा काढलेला असतो. एक लांबलचक आकडा. आत एक स्वल्पविराम जरी हलला तरी तो आकडा बदलतो. तो बदलला की ते मशीन तपासलेलं राहत नाही, सगळ्या चाचण्या पहिल्यापासून. पंधरा दिवसांचं काम. तीही अट माझीच. मतदानाआधी कुणी आत हात घालू नये म्हणून लिहिलेली. तो हात आज माझा असणार होता.

"नको नितीन. आज आपण चांगल्यासाठी बदलू. उद्या कोण कशासाठी बदलेल?"

"मग काय करतासा? आठ दिसात पंधरा दिसाचं काम?"

देसाई साहेबांनी मधला रस्ता काढला. "नियम आहे तसा ठेवू. लोकांना ट्रेनिंग देऊ. प्रत्येक केंद्रावर बोर्ड लावू, बटण दाबून धरू नये."

कल्पना वाईट नव्हती. आम्ही हौसाक्कांसकट दहा जणांना परत बोलावलं. मी स्वतः समजावलं. हलकं दाबा, लगेच सोडा, दिवा लागला की झालं. सगळ्यांनी माना डोलावल्या. हौसाक्कांनी पहिली दोन नावं अगदी हलकी दाबली. तिसऱ्याला अंगठा परत रुतला.

"सवय हो बाई. हलकं दाबलं की वाटतंय, मत वरच्यावर ऱ्हायलं."

तेवढ्यात बाहेरच्या रस्त्यानं प्रचाराची रिक्षा गेली. कर्ण्यावरून आवाज येत होता, "आपल्या पॅनेलला दाबून मतदान करा! दाबून!" आमच्याकडे दाबून म्हणजे भरपूर, मनापासून. दाबून जेवा, दाबून झोपा, दाबून मतदान करा. आठ दिवस ही रिक्षा गावोगाव फिरणार होती. तिच्यापुढं आमचा बोर्ड काय करणार?

साहेबांनी परत चष्मा काढला. यावेळी पुसला नाही, नुसता हातात धरून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी संचालक मंडळापुढं आम्हाला उभं केलं. उभंच, कारण बसा असं कुणी म्हणालं नाही. मी कागदावर उत्तरं लिहून नेली होती. सारवासारव करून बोलायचं, "मतदारांच्या सवयींचा अपेक्षेबाहेरचा परिणाम" वगैरे. एका संचालकांनी सरळच विचारलं.

"ते कागद-बिगद ऱ्हाऊ द्या. चूक मशीनची हाय, का माणसांची?"

मशीनची म्हटलं तर नितीनची कंपनी बुडते. माणसांची म्हटलं तर मी सुटते. म्हणजे नाचता येईना, अंगण वाकडं. मी कागदाची घडी घातली.

"माझी," मी म्हटलं. "मशीननं मी लिहिलं तसंच केलं. माणसांनी मत देतात तसंच दिलं. मी लिहिलेलंच चुकलं. या मशीनवर मतदान घेऊ नका."

मग जे झालं ते इथं सगळं लिहिण्यासारखं नाही. "आधी कळलं न्हाय व्हय?" हे वाक्य मी किती जणांकडून ऐकलं ते मोजलं नाही. निवडणूक कागदावर झाली. शिक्के, घड्या, मोजणीला दीड दिवस, आणि भांडणं नेहमीसारखी. शेवटच्या जागेचा निकाल सतरा मतांनी लागला. तो आकडा ऐकून मी लॅबमध्ये खुर्चीवर बसले. साठ माणसांत एकोणसाठ मतं गेली होती. तिथं तर हजारो माणसं होती.

मला वाटलं, आता समितीतून नारळ मिळणार. देसाई साहेबांनी माझं नाव यादीतून काढूच दिलं नाही. मंडळाला म्हणाले, "हिची चूक हिलाच दुरुस्त करू द्या. नवा माणूस आणलात तर तो नवी चूक करील."

नवं कलम सात-तीन दोन ओळींचं आहे. बटण कितीही वेळ दाबलं तरी ते एकदाच दाबलं असं धरावं, आणि प्रत्येक निवडीला छोटा "पीं" वाजावा. रद्द करायला खाली एकच वेगळं पिवळं बटण. पाचपेक्षा कमी मतं असतील तर मशीन एकदा विचारतं, एवढीच द्यायची का? आणि शेवटी एक कलम मी नव्यानं घातलं. लॅबच्या माणसांनी दाबलेली बटणं चाचणीत धरू नयेत. सभासदांच्या यादीतून चिठ्ठ्या काढून साठ जण बोलवावेत.

नवं मशीन आलं, परत तालीम ठेवली, पण चिठ्ठ्यांत हौसाक्कांचं नाव निघालं नाही. मी त्यांना वेगळं बोलावलं, एकसष्टाव्या म्हणून. त्यांनी पदर खोचला, अंगठा रोवला, पीं वाजलं. अंगठा तसाच. दिवाही तसाच. पाचही नावं झाली, हिरवं बटण झालं. साठ आणि एक, एकसष्ट. पाचानं गुणलं तर तीनशे पाच. कागदावर तीनशे पाच आले तेव्हा नितीननं टाळी वाजवली आणि मला रडू आलं. नळाखाली तोंड धुऊन आले.

मग मी रिपोर्ट सहीला घेतला. तीन प्रती, मध्ये कार्बन. पेन उघडलं आणि हात थांबला. मागची सही आठवली.

हौसाक्का निघायच्या बेतात होत्या. दारातून त्यांनी वळून बघितलं.

"ह्यावर बी सही तुमचीच व्हय बाई?"

"माझीच."

"मग जरा दाबून करा."

केली. तिसऱ्या प्रतीवरही स्वच्छ उमटली. तेव्हापासून कुठलंही मानक लिहायला घेतलं की आधी एवढंच विचारते: हे बटण दाबणार कोण आहे? आपण नव्हे.