चांदणीचा कागद

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. त्याला माझ्या याद्यांचं भारी कौतुक : वाण्याची यादी, धोब्याची यादी, ट्रंकेत काय आहे त्याची यादी. या बाईच्या हातून काही राहून जात नाही, असं सगळे म्हणतात. नाहीच राहिलं. जे केलं ते नीट आठवून, क्रमाने केलं.

खिदिरपूरच्या गोदीतल्या आमच्या कचेरीत कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याच्यासाठी आज्ञा मी लिहायचे. मिनती त्या माझ्या कागदावरून कार्डांवर छिद्रं पाडून उतरवायची. बेहालाहून यायची, नेमणूक तात्पुरती, घरात कमावती ती एकटीच. दर आज्ञेत, याद्या साठवलेल्या टेपचं लांबलचक नाव लिहायला नको म्हणून एक सोय होती — नावाच्या जागी चांदणीची खूण काढायची. चांदणी म्हणजे यंत्राने या क्षणी हातात घेतलेली टेप. पुसण्याच्या आज्ञेत मात्र चांदणी चालणार नाही, पूर्ण नावच हवं. हा नियम कुणी केला होता? मीच.

त्या शनिवारी मला घाई होती. एक जुनी टेप पुसायची होती. आधीच्या आज्ञेत यंत्राच्या हातात तीच होती, म्हणून मी नावाऐवजी चांदणी काढून मोकळी झाले. मग आठवलं, गोदी कामगारांच्या यादीतली नावं मोजायची राहिलीत. ती आज्ञा मी मधेच, पुसण्याच्या आज्ञेच्या आधी घातली. यंत्राने कामगारांची टेप हातात घेतली, नावं मोजली — आणि तीच पुसली.

सोमवारी साहेब यायच्या आत मी दुसरा कागद लिहिला. चांदणीच्या जागी जुन्या टेपचं पूर्ण नाव, खाली शनिवारची तारीख, माझी सही. पहिला कागद फाडला. 

"दीदी, तुमच्या कागदावर चांदणीच होती ना?" यादी कशी पुसली गेली याची चौकशी झाली तेव्हा मिनतीने साहेबांसमोर विचारलं. आरोप नव्हता तो. मी विसरले असेन असं वाटून ती मला आठवण करून देत होती.

"कागद समोर आहे, मिनती. वाच की."

तिने वाचला. माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं — आणि तिने कागद साहेबांच्या टेबलावर परत ठेवला. कार्ड पाडताना तिचीच चूक झाली, असं ठरलं. महिनाअखेरीस तिची नेमणूक संपली; कुणी वाढवली नाही.

यादी आम्ही हजेरीपुस्तकांवरून पुन्हा तयार केली. आणि मी खरं बोलले असते तर? माझी नोकरी कायम होती. एक मेमो मिळाला असता. तेवढाच.

साहेबांनी तो कागद भिंतीला लावला — आज्ञा कशी लिहावी याचा नमुना म्हणून. अजून तिथेच आहे, पिवळा पडलाय. नवी मुलगी कामाला लागली, की तिला मीच त्याच्यापुढे नेऊन उभी करते आणि सांगते, "हे बघ. असं लिहायचं."