ऑकलंडला निघताना घातलेलं गाऱ्हाणं

परवा आमच्या मालवणच्या घरी, ओसरीवर, चांगलीच जुंपली. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला आमचे थोरले भावजी. कारण काय... तर माझं ऑकलंडचं तिकीट!

माझी लेक तिथे आहे, पुढच्या महिन्यात बाळंत होणार. जावई बोटीवर, त्याला सुट्टी नाही. तिथे तिला हक्काचं माणूस नाही... मग आईने जायचं नाही तर कुणी?

भावजींनी फोनवर अंतर शोधून काढलं. मुंबईपासून बारा हजार किलोमीटरच्या वर! गोव्याहून निघून वाटेत दोनदा विमान बदलायचं, घरापासून धरलं तर दीड दिवस. साठी उलटलेली एकटी बाई, इंग्रजी बेताचं... सगळं ऐकवून झालं. वर म्हणे, व्हिडिओ कॉलवर सांग तिला काय ते. व्हिडिओ कॉलवरून बाळाला न्हाऊ घालता येतं का हो?

माझंही डोकं फिरलं. म्हटलं, तुम्ही अख्खं आयुष्य बोटीवर काढलंत, या घरातले सगळे बाप्ये जगभर फिरले. तेव्हा कुणी किलोमीटर मोजले नाहीत. बाई निघाली की बरं अंतर दिसतं तुम्हाला!

आमच्याकडे कुणी बोटीवर निघालं की भावजी देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. बाकीच्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं, मगच उंबरा ओलांडायचा. माझ्यासाठी मात्र ते गाऱ्हाणं घालायला तयार नव्हते.

ठीक आहे... मीच नारळ ठेवला. आमच्या घरात बाईने कधी गाऱ्हाणं घातलेलं नाही. मी घातलं.

"बा देवा म्हाराजा, लेकीच्या बाळंतपणाक जातंय. इमाना बदलताना खंय अडचण इली तर दूर कर, माका तिच्यापर्यंत सुखरूप पोचव रे म्हाराजा."

सगळ्यांनी भावजींकडे बघितलं. होय म्हणणारंच कुणी नसेल तर ते गाऱ्हाणं कसलं... खरं सांगते, रडू आलं मला.

"होय म्हाराजा."

मागे वळून बघते तर माझी थोरली जाऊ. भावजींची बायको! लग्न झाल्यापासून नवऱ्यापुढे ब्र काढला नव्हता तिने.

मी नारळ फोडायला उचलला, तसे भावजी उठले. "थांब गो. परत येवचा खंय सांगलंस?"

खरंच की... परत येण्याचं मागणं मी विसरलेच होते. लेकीपलीकडे काही सुचतच नव्हतं.

भावजी देवापुढे उभे राहिले. "जशी जाता तशीच परत घराक हाड रे म्हाराजा..." माझे यजमान बोटीवर गेले ते परत आलेच नाहीत. त्यांच्या वेळचं गाऱ्हाणंही भावजींनीच घातलं होतं.

त्यांची भीती मला कळते. पण भीती त्यांना वाटणार आणि घरी मी बसायचं, हे आता चालायचं नाही.

जाऊबाई, तुम्ही 'होय' म्हणालात... सोमवारी निघतेय.