कपाटातला कार्ब्युरेटर

ओझरच्या पुढे महामार्गावर माझी गाडी दुभाजकावर चढली आणि उलटली. माझं कॉलरबोन मोडलं. जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांचा नाशिकमध्ये एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्यात मी सहा वर्षं होतो. तिथे अपघाताचा फोटो टाकला तेव्हा पहिला प्रश्न आला, "बॉनेट वाचलं का?" दुसरा, "डॅशबोर्डला तडा नाही ना?" तिसऱ्याने रडका चेहरा टाकला. तो गाडीसाठी होता.

गाडी नव्वदच्या दशकातली, उत्पादन कधीच बंद झालेलं. दुरुस्ती होण्यासारखी नव्हती. आरटीओत नोंदणी रद्द करून घेतली, सांगाडा सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणून ठेवला आणि सुटे भाग ग्रुपवर विकायला काढले. प्रत्येक भागाचा फोटो, खाली ओरखडा कुठे आणि गंज किती, एवढंच लिहिलं.

ग्रुपचा एक रिवाज आहे. वस्तू हवी असेल त्याने फोटोखाली 'होल्ड' लिहायचं. मग ती त्याची. यायचं कधी, पैसे कधी, हे विचारायचं नाही. दुसऱ्याने हात लावायचा नाही. अर्ध्या तासात जवळजवळ सगळ्यावर होल्ड पडले. आठ दिवसांत एक माणूस आला. तो तीन मित्र घेऊन आला. चौघांनी दाराची कडी उलटसुलट पाहिली, तिच्यासोबत सेल्फी काढला आणि "घरी विचारून सांगतो" म्हणून कडी जागेवर ठेवली. यांच्यातल्या बहुतेकांची गाडी महिन्यातून एका रविवारी शहराजवळच्या सोमेश्वरपर्यंत जाते, मालक मिसळ खातो आणि गाडी परत कव्हरखाली जाते. याला ते वेड म्हणतात.

नवव्या दिवशी दुपारी पिंपळगाव बसवंतहून एक माणूस एसटीने माझ्या घरी आला. तो ग्रुपमधला नव्हता. त्याच्या फिटरने त्याला माझा पत्ता दिला होता.

"दादा, कार्ब्युरेटर हाय ना?"

द्राक्षांच्या पॅकहाऊसमधल्या बायकांना तो दुपारचे डबे पोचवायचा. गाडी माझ्याच मॉडेलची. कार्ब्युरेटरला तडा गेल्याने ती तीन दिवस उभी होती. डबे उसन्या टेम्पोने जात होते, उशिरा. उद्या बाराच्या आत आले नाहीत तर काम दुसऱ्याला, असं सुपरवायझरने सांगितलं होतं.

"त्यावर होल्ड आहे," मी म्हणालो.

"म्हंजे?"

मी रिवाज समजावून सांगितला.

"पैसे दिले त्यांनी?"

"नाही."

"येऊन बघितला?"

"नाही."

"मग धरलाय कशानं?"

तरीही मी कार्ब्युरेटर त्याला दिला नाही. होल्ड टाकणाऱ्याला फोन लावला. गंगापूर रोडवरचा दंतवैद्य. आठ दिवस ज्याला सवड नव्हती, तो वीस मिनिटांत हजर झाला.

"सर, ओरिजनल पीस आहे हा," तो म्हणाला. "यांना दिलात तर वापरून टाकतील."

"वापरायलाच पायजे, डॉक्टरसाहेब. साठ डबे हायेत."

"तसं नाही हो. तुम्हाला काय, कुठलाही चालेल."

"चालंल की. तुमच्याकडं हाय का दुसरा?"

"तीन आहेत," दंतवैद्याला राहवलं नाही. "क्लिनिकमध्ये, काचेच्या कपाटात. पेशंट मुद्दाम विचारतात."

"मग त्यातला एक मला द्या, आन् हा तुम्ही ठेवा."

"तो सेट आहे. सेट फोडत नाहीत."

"दात बरे एकएक काढता."

मी कार्ब्युरेटर वर्तमानपत्रात गुंडाळून डबेवाल्याच्या हातात दिला.

"मी होल्ड टाकला होता, सर. ग्रुपवर बोलावं लागेल मला."

"बोला."

तो जिन्यापर्यंत गेला आणि परत आला. "निदान वरचा बिल्ला तरी द्या. बिल्ल्याशिवाय गाडी चालते." झाकणावर कंपनीच्या नावाचा, अंगठ्याच्या नखाएवढा पत्रा होता. डबेवाल्याने खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, दोन बारीक स्क्रू सोडवले आणि पत्रा डॉक्टरच्या तळहातावर ठेवला. दंतवैद्याने तो रुमालाने पुसला, त्याच रुमालात गुंडाळला आणि आभार मानले. माझे. डबेवाल्याचे नाही.

संध्याकाळी ग्रुपवर बिल्ल्याचा फोटो आला, निळ्या मखमलीवर. खाली बदामाचे आणि नमस्काराचे इमोजी. मग अ‍ॅडमिनचा संदेश: प्रश्न एका पार्टचा नाही, तत्त्वाचा आहे. त्यानंतर मला काढून टाकलं.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला पिंपळगावहून फोन आला.

"पोचले डबे. दुसरा डबेवाला आलता, त्याला गेटवरनंच परत लावून दिला."

मागे बायका कशावरून तरी ओरडत होत्या. भाजी खारट झाली होती आणि त्या ते त्यालाच सुनावत होत्या. "आलो, आलो," असं त्यांना म्हणत त्याने फोन ठेवला.