पास म्हणणारा माणूस

बाजारात त्याला सगळे कानसेन म्हणत. गाण्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. तो न्हाणीघरात गुणगुणायला लागला की बायको बाहेरून ओरडायची, "अहो, नळ सोडा मोठा, म्हणजे शेजारी वाचतील!" पण कान म्हणाल तर असा तिखट, की चालत्या कॉम्प्युटरच्या खोक्याजवळ वाकून तो सांगायचा, मागचा पंखा कुरकुरतोय, पुढचा ठीक आहे. खोकं उघडून बघावं तर खरंच तसं निघायचं.

त्याचा धंदाच तो होता. बिनआवाजाचे कॉम्प्युटर बांधून द्यायचे. आता तुम्ही म्हणाल, याला कोण गिऱ्हाईक? तर घरी बसून पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणारी बाई, गाण्याचे मास्तर, झोपेचे आजार तपासणारा दवाखाना, आणि नवऱ्याच्या कॉम्प्युटरच्या घरघरीला विटलेल्या कित्येक बायका. तरुणपणी तो एका कचेरीत मशीनच्या खोलीत कामाला होता. तिथले पंखे पिसाळल्यासारखे ओरडायचे आणि संध्याकाळी घरी आला की त्याला बायकोचं बोलणंसुद्धा नको व्हायचं. मग कॉम्प्युटर गार ठेवणारे हीटपाइपचे कूलर आले, आणि हा गडी नोकरी सोडून दुकान टाकून बसला.

हीटपाइप तो एका दमात समजावून सांगायचा. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, कामाला लागला की तापणारच. पूर्वी त्याच्यावर धातूचा ठोकळा ठेवायचे आणि ठोकळ्यावर जीव तोडून पळणारा पंखा. हीटपाइप म्हणजे तांब्याची बंद नळी, आत पाण्याचे चार थेंब. खालचं टोक तापलं की वाफ होते, वाफ वरच्या पातळ पत्र्यांकडे जाते, तिथे गार होऊन पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या जाळीतून झिरपत खाली येते. झाकण ठेवलेल्या पातेल्यात होतं तेच. उष्णता इतकी चटकन पसरते, की पंख्याला पळावंच लागत नाही, रमतगमत फिरला तरी भागतं. "ज्याला घाई नाही तो ओरडत नाही," असं तो शेवटी म्हणायचा. हे वाक्य त्याचं त्यालाच एवढं आवडायचं, की ते ऐकल्याशिवाय नव्या गिऱ्हाइकाला चहा मिळत नसे.

पण मशीन खरंच गप्प आहे की नाही, हे ठरवणार कोण? कानसेन. मशीन बांधून झालं की दुकानाचं दार लावायचं, छताचा पंखा बंद करायचा, आणि सगळ्यांनी जागच्या जागी उभं राहायचं. कानसेन डोळे मिटून मशीनवर वाकायचा. बराच वेळ. मग सरळ होऊन म्हणायचा, "पास." तो पास म्हणाला नाही तर मशीन दुकानाबाहेर जात नसे, मग गिऱ्हाईक दारात आदळआपट करो नाहीतर पाया पडो. या एका शब्दावर त्याचं दुकान चालत होतं आणि याच शब्दावर त्याची ऐट होती. माणसाला एवढी तरी ऐट नको का?

दुकानात जोडीला मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. नोकरी गेली तेव्हा तोंड लपवून बसला होता. कानसेननेच त्याला ओढून दुकानात आणलं, पेच कसा आवळायचा इथपासून शिकवलं. प्रोसेसरवर उष्णता वाहून नेणारी पेस्ट मुगाच्या दाण्याएवढीच लावायची, जास्त लावून चिखल करायचा नाही. पंख्याच्या तारा प्लास्टिकच्या पट्टीने बांधायच्या नाहीत, पट्टी थरथरते. दोऱ्याने बांधायच्या. मेहुणा शिकलाही चांगला. गरीब स्वभावाचा, भावोजींपुढे वर मान करून न बोलणारा. हा पोरगा केसाने गळा कापेल असं कुणी सांगितलं असतं, तर कानसेनने सांगणाऱ्यालाच दुकानाबाहेर काढलं असतं.

एके दुपारी वाचनवाल्या ताईंचं मशीन धूळ साफ करायला आलं. पुस्तकं रेकॉर्ड करणाऱ्या त्याच बाई. मेहुणा सामान आणायला गेला होता, म्हणून कानसेननेच ते उघडलं. आणि तो थबकला. पंख्याच्या तारांना दोरा होता, पण पीळ उलटा. कानसेन डावखुरा. त्याने दिलेला पीळ डावीकडे जातो, हा उजवीकडे गेलेला. पंखाही त्याने बसवलेला नव्हता. त्याने बसवला त्यापेक्षा चांगला, महागातला होता.

"च्यायला," तो स्वतःशीच म्हणाला, "चोर येऊन भारी वस्तू ठेवून जातो की काय?"

मेहुणा परत आला तेव्हा त्याने सरळ विचारलं. मेहुणा म्हणाला, "बाईंनी दुसरीकडे कुठे दाखवलं असेल, भावोजी." म्हणाला, पण पिशवीतलं सामान काढताना त्याचे हात उगाचच घाईत होते. कानसेनच्या मनात पाल चुकचुकली. ताईंना फोन करावा असंही वाटलं, पण आपल्या मशीनला दुसऱ्याचा हात लागला हे गिऱ्हाइकालाच विचारायचं म्हणजे आपलीच अब्रू जायची. मेहुणा जेवायला गेला, तसं त्याने फळीवरची तयार मशिनं खाली घेतली. त्याने स्वतः, आपल्या तोंडाने, पास म्हटलेली. एक उघडलं. पीळ उजवा. दुसरं उघडलं. उजवा. फळीवर एक मशीन तेवढं डाव्या पिळाचं निघालं.

मग त्याने मागची खोली धुंडाळली. रिकाम्या खोक्यांच्या मागे एक खोकं जड लागलं. आत त्याचेच पंखे, त्याने निवडलेले, त्याने बसवलेले, काढून नीट रचून ठेवलेले. एक उचलून त्याने तारा जोडल्या. पंखा फिरू लागला. कानसेनने तो कानाशी धरला. काही नाही. कसला गोड पंखा! यात वाईट काय आहे? मग सवयीने त्याने मधल्या भागावर, मागून, बोटाचं टोक टेकवलं.

बोटाला बारीक कापरं जाणवलं.

हे कापरं त्याला चांगलं ठाऊक होतं. आतली बेअरिंग खराब असली की असं होतं, आणि असं झालं की पंखा डासासारखा बारीक किणकिणतोच. किणकिणल्याशिवाय राहतच नाही. हे त्यानेच मेहुण्याला शिकवलं होतं. त्याने पंखा पुन्हा कानाला लावला, दुसऱ्या कानाला लावला. बोट सांगत होतं आवाज आहे, कान सांगत होता नाही. खोक्यातला दुसरा घेतला, मग तिसरा. तसेच. तो तिथेच खाली बसला.

मेहुणा जेवून आला तेव्हा भावोजी जमिनीवर आणि मांडीवर फिरता पंखा.

"हा वाजतोय?" कानसेनने विचारलं.

मेहुणा दारातच थांबला.

"अरे, तुला विचारतोय! वाजतोय का?"

"वाजतोय, भावोजी. दारातूनच ऐकू येतोय."

"आणि मी पास म्हटलं, तेव्हा तू तिथे उभा होतास. श्वास रोखून. श्वास कशाला रोखत होतास रे? नाटक करायला?"

"भावोजी, मी नव्हतो करणार. आमची ताईच म्हणाली. तुम्ही घरी गेलात की बघून बदलत जा, म्हणाली. त्यांना कळू देऊ नकोस, म्हणाली."

त्या पोराला चोर समजलो होतो, चोर असता तर परवडलं असतं, असं कानसेनला वाटलं. चोराला मारता येतं. याला काय मारणार? याने तर गुपचूप त्याचं नाव राखलं होतं. पण राग काही कमी होईना. उलट जास्तच आला.

घरी बायको भाजी निवडत होती. त्याच्या हातातला पंखा पाहिला आणि तिने पुढ्यातली परात बाजूला सारली. भावाचा फोन आधीच येऊन गेला असणार.

"दवाखान्यात काय म्हणाले होते?" त्याने विचारलं. मध्ये त्याला सर्दी झाली होती, कान बंद झाल्यासारखा वाटत होता, म्हणून तीच त्याला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. डॉक्टरांनी कानांवर यंत्र लावून आवाज ऐकवले, ऐकू आला की बटण दाबा म्हणाले. नंतर तो बाहेर चपला घालत बसला आणि ही आत बोलत होती. बाहेर येऊन म्हणाली, मळ होता, काढला.

"बारीक आवाज गेले म्हणाले. बोलणं ऐकू येईल, पण बारीक आवाज आता यायचे नाहीत," ती म्हणाली. "ते तुम्हाला सांगणार होते. मीच म्हटलं, मी सांगते."

"मग?"

"नाही सांगवलं. अहो, मला तर आधीच कळलं होतं. कानाशी डास गुणगुणायचा आणि तुम्ही ढिम्म. वर म्हणायचा, यंदा डास कमी झालेत! मी काय बोलणार? सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी दुकानात गेला असता?"

"तो माझा प्रश्न होता!" तो ओरडला. "माझे कान गेले, ते मला सोडून घरात सगळ्यांना माहीत! अळीमिळी गुपचिळी करून बसलात! मी रोज तिथे डोळे मिटून वाकतो, पास म्हणतो, आणि तुझा भाऊ मान डोलवतो. लहान पोराला खोटं खोटं जिंकू देतात तसं! मला फसवलंस तू. दुसऱ्या कुणी फसवलं असतं तर मी त्याच्या दारात जाऊन बोंबललो असतो. तुझ्याबद्दल कुणाकडे जाऊ? आपलेच दात आणि आपलेच ओठ."

ती रडली. नेहमी ती रडली की तो विरघळायचा. आज तो तिच्याकडे नुसता बघत राहिला, आणि हिने गेल्या काही महिन्यांत आणखी काय काय आपल्याला गोड करून सांगितलं असेल, ते आठवू लागला. जेवण वाढलं होतं, कसं झालंय म्हणून तिने विचारलं. तो म्हणाला, "छान झालंय. तुला काय, खरंखोटं सारखंच." आणि ताटावरून उठला.

सकाळी मात्र त्याने एक ठरवलं. घरच्यांनी केलं ते केलं, निदान आपण तरी कुणाला फसवायचं नाही. आज वाचनवाल्या ताई मशीन न्यायला येणार होत्या. त्यांच्या तोंडावर खरं सांगून टाकायचं. मग त्या परत येवोत न येवोत. दुकान बसलं तरी चालेल, पण शब्द आपला राहील. एवढा विचार केल्यावर त्याला जरा हलकं वाटलं. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो दुकानात गेला.

ताई आल्या. मेहुण्याने सवयीने दार लावलं, छताचा पंखा बंद करायला हात वर केला.

"राहू दे," कानसेन म्हणाला. मग ताईंकडे वळला. "ताई, एक सांगायचंय. मला आता बारीक आवाज ऐकू येत नाहीत. तुमचं मशीन मी पास केलं होतं, पण ते वाजत होतं. यानं नंतर पंखा बदलला. मला कालपर्यंत माहीत नव्हतं, नाहीतर मी तुम्हाला अंधारात ठेवलं नसतं. यापुढे यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

ताईंनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याने खाली. मग ताई हसल्या, अगदी मायेने.

"अहो काका, एवढंच ना? मला माहितीये की ते. मशीन घरी नेलं त्याच दिवशी किणकिण ऐकू आली, तेव्हा मीच यांना फोन केला. हे घरी येऊन पंखा बदलून गेले आणि सगळं सांगितलं. गाण्याच्या मास्तरांना माहितीये, दवाखान्यातल्या लोकांनाही माहितीये. कुणी काही मनात आणत नाही हो. आम्ही तुमच्या हाताच्या कामासाठी येतो. मशीन कधी तापत नाही तुमचं."

कानसेनने टेबलाची कड धरली.

"पण त्यानंतर तुम्ही दुसरं मशीन न्यायला आलात," तो हळू म्हणाला, "तेव्हा इथेच उभ्या होतात. मी पास म्हटल्यावर म्हणालात, काका, असा कान अख्ख्या बाजारात नाही. ते?"

ताईंचं हसू मावळलं. "ते... तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

"वाटलं होतं," कानसेन म्हणाला. "घरी जाऊन बायकोला सांगितलं होतं मी."