मांजर्लीचा ठिपका

ठाण्यातल्या टेबलावर तो फोन वाजला आणि समोर बसलेल्या माणसाचा चेहरा पांढराफटक पडला. ती रिंग अजून माझ्या कानातून गेलेली नाही.

पोलिसांच्या आठवणी म्हटलं की लोकांना पिकलेल्या मिशांचे साहेब हवे असतात, दरोडे हवे असतात, खाडीत सापडलेली प्रेतं हवी असतात. माझ्याकडे त्यातलं काही नाही. मी काही वर्षं फौजदार होते आणि मुदतीच्या कितीतरी आधी खाकी उतरवली. आता उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात चाळीचाळीतून पत्रकं वाटत फिरते आणि बायकांचे फोन त्यांचे स्वतःचे करून देते. नोकरीत असताना माझ्याबरोबरच भरती झालेल्या एकाला गुन्हे शाखा मिळाली. पेपरात त्याचे फोटो यायचे. माझ्या वाट्याला यायचे मोबाइलचे अर्ज. पासवर्ड विसरले, खातं उघडत नाही, फोटो गेले. मी जळायचे. त्याच्या फोटोत मागे दिसणारी नवी कोरी जीपसुद्धा मला सलायची. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे जो माणूस येणार आहे त्याचा आजार मी पुस्तकात वाचून शिकलेले नाही.

माझी नेमणूक तेव्हा बदलापुरात होती. एका दुपारी मांजर्लीहून एक गृहस्थ आले. चाळिशीचे, एकटे. अंबरनाथच्या कारखान्यातली नोकरी सोडून ते अंथरुणाला खिळलेल्या वडिलांचं सगळं करत होते. त्यांनी मोबाइल दोन बोटांच्या चिमटीत असा धरला होता, जसं काही मेलेला उंदीर बाहेर टाकायला निघालेत.

"मॅडम, हा आपोआप वाजतो."

"मग उचला की," ठाणे अंमलदार मान वर न करताच म्हणाला. दोघंतिघं हसले.

"कॉल नसतो हो! नुसता बोंबलतो. सायलेंटवर ठेवला तरी. रोज दुपारी, जेवायच्या वेळेला. बाबा दचकून उठतात. आणि आता हे बघा काय आलंय."

त्यांनी बटण दाबलं. कुलूपबंद स्क्रीनवर अक्षरं होती: "ती आता येणार नाही. तू किती लपतोस तेच बघतो."

"ती कोण?" मी विचारलं.

"काय माहीत! आमच्याकडे कोण येतंय, मॅडम? कल्याणहून बहीण येते अधूनमधून, बाबांना बघायला. बस."

आमच्याकडे एक जुने हवालदार होते, सगळं ठाणं त्यांना अण्णा म्हणायचं. ते म्हणाले, "एनसी घ्या, अदखलपात्र म्हणून नोंदवा आणि सोडा, मॅडम. टवाळखोरी आहे कोणाची तरी." अण्णांना दुसरं वाक्य दिसलं होतं, धमकीचं. मी पहिल्यावर अडकले होते. पहिल्या वाक्यात एक बाई होती आणि ती "आता येणार नाही" होती. का येणार नाही? तिचं काय केलंय?

मी फोन उघडायला लावला. सेटिंगमध्ये जाऊन खाती बघितली. तिथे कोणा भलत्याच पुरुषाची मेल आयडी बसलेली.

"हे कोण?"

"आधीचे मालक असतील. फोन जुना घेतलाय, उल्हासनगरच्या कॅम्प तीनच्या बाजारातून."

"मग यांचं खातं काढलं का नाही?"

"दुकानदारच बोलला, इसको हाथ मत लगाना. रिसेट मारला तर जुनी आयडी मागणार आणि फोन लॉक होणार. जुना मालक पासवर्ड विसरलाय म्हणे. आणि मॅडम, माझ्या आधीच्या फोनवर बाबांच्या पेन्शनचं ॲप चालतच नव्हतं. या मोबाइलला चालणार नाही, असंच यायचं. यात चाललं. मग म्हटलं, चाललंय ना, राहू दे."

चाललंय ना, राहू दे! आपल्या पट्ट्यातले निम्मे गुन्हे या वाक्यावर चालतात, हे मी आजही पत्रकात मोठ्या अक्षरांत छापते. बाजारात जुने फोन सर्रास असे विकले जातात, चालू आयडीसकट. घेणाऱ्याला वाटतं, आपण फोन घेतला. खरं तर आपण कोणाच्या तरी घरात राहायला गेलेलो असतो आणि घरमालकाकडे दुसरी किल्ली असते. तुम्ही काढलेला फोटो त्याच्याकडे जातो. फोन कुठे आहे ते त्याला नकाशावर दिसतं. तो घरबसल्या फोन वाजवू शकतो, कुलूप लावू शकतो, स्क्रीनवर निरोप लिहू शकतो. ही सोय हरवलेला फोन शोधण्यासाठी दिलेली आहे. इथे कोणीतरी ती वापरून माणूस शोधत होता.

"यात त्याचे नंबरही आले असतील?"

"ढीगभर! मी काही पुसले, मग कंटाळून सोडून दिले."

उरलेल्यांत एक होता "मिसेस". लावला, बंद. दुसरा होता "मेव्हणा". तो लागला. पलीकडे साताऱ्याकडचा एक तरुण गडी.

"ताईचा फोन लागंना झालाय, मॅडम. दाजींना विचारलं तर म्हणत्यात ती गावाला गेलीय."

"मग गावी चौकशी करा ना."

"अवो मॅडम, म्या गावावरनंच बोलतोय!"

अण्णांनी न सांगता टोपी घातली.

मेव्हण्याकडून पत्ता मिळाला, विठ्ठलवाडीचा. ती हद्द आमची नव्हती. स्टेशन डायरीत नोंद केली, तिथल्या ठाण्याला फोनवरून कळवलं, त्यांचे दोन शिपाई सोबत घेतले. चाळीतली ती खोली बाहेरून कुलूपबंद होती. शेजारच्या आजी दारातच उभ्या होत्या, जणू आमचीच वाट बघत.

"तो म्हणतो, बायको माहेरी गेली," आजी म्हणाल्या. "माहेरी गेलेल्या बाईचा खोकला भिंतीतून ऐकू येतो का गं?"

"मग सांगितलं का नाही कोणाला, आजी?"

"नवरा-बायकोचं आहे, बाई. आपण कशाला पडा मध्ये?"

मला संताप आला. आजही येतो. पण तेव्हा वेळ नव्हता. दोन पंच बोलावले, त्यांच्यासमोर कुलूप तोडलं. आत ती होती. जिवंत. डोळ्याखाली काळंनिळं, ओठ फुटलेला. तिने माझ्याकडे बघून पहिला प्रश्न काय विचारला असेल? "मॅडम, माझं काम गेलं का हो?"

कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात ती तयार माल तपासायची. नुकतंच शेठने तिला तपासणीच्या सगळ्या बायकांवर नेमलं होतं. नवरा अंबरनाथच्या एमआयडीसीत, वर्षानुवर्षं त्याच मशिनवर. इथून सगळं सुरू झालं होतं, असं तिने जबाबात सांगितलं. "पहिल्यांदा म्हणाले, लिपस्टिक का लावतेस. मग म्हणाले, शेठ नावाने का हाक मारतो, ताई का म्हणत नाही. मग म्हणाले, हसतेस का."

नवऱ्याला कारखान्यातून आणलं. गुन्हा विठ्ठलवाडीच्याच ठाण्यात नोंदवला, चौकशीला मला बसू दिलं. मी मांजर्लीच्या गृहस्थांचा फोन त्यांच्या संमतीने बरोबर आणला होता, तो रुमालाखाली ठेवला. माणूस दांडगा नव्हता. नीट इस्त्री केलेला शर्ट, खिशात पेन. आल्या आल्या त्याने स्वतःचा मोबाइल माझ्यापुढे सरकवला. संशयित पुरावा लपवतात. याला दाखवायची घाई होती.

"बघा मॅडम. तुम्ही लेडीज आहात, तुम्हीच बघा आणि सांगा, मी चूक केली का."

दिवाळीच्या ऑफरमध्ये त्याने एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे दोन फोन घेतले होते. एक स्वतःला, एक बायकोला.

"दोन्हीत आयडी कोणाची?"

"माझीच. बायकोला वेगळी आयडी कशाला पाहिजे?"

"का नको?"

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जसं मी बायकोला वेगळं आडनाव का नाही असं विचारलं.

पुढे त्याने नवा फोन घेतला, आपला जुना कॅम्प तीनच्या बाजारात देऊन टाकला. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने फोन शोधायचं ॲप उघडलं. यादीत एकाच नावाचे दोन फोन. एक कॅम्प तीनमध्ये, एक मांजर्लीत.

"कॅम्प तीनचा तो मी विकलेला, दुकानात पडलेला. मग मांजर्लीतला कोणाचा? हिचा! कामाला जाते सांगून ही रोज मांजर्लीत!"

"ती कॅम्प तीनलाच कामाला जाते ना? तिकडचा ठिपका तिचा असेल, असं मनात नाही आलं?"

"सुरुवातीला आलं. पण मग फोटो यायला लागले ना!"

त्याने फोटो दाखवले. खिडकी. खिडकीतून नदी. दोन स्टीलचे कप. पलंग, त्यावर चुरगळलेली चादर. एका फोटोच्या कोपऱ्यात हिरव्या बांगड्या घातलेला हात.

"ही बांगडी हिची आहे. मी छातीवर हात ठेवून सांगतो."

"हिरव्या बांगड्या तर शेजारच्या आजींच्याही हातात होत्या."

"माझे नंबर पण उडायला लागले, मॅडम. कोण पुसणार? तीच."

"ठिपका संध्याकाळी कुठे असतो, ते कधी बघितलंस?"

"संध्याकाळी कशाला बघू? घरी मी स्वतः बघतो की तिच्यावर."

"बरं. बायकोचा फोन आता कुठे आहे?"

"कपाटात. मीच बंद करून ठेवलाय."

"मग मांजर्लीतला ठिपका कालपर्यंत कसा काय हलत होता?"

इथे तो थांबेल असं मला वाटलं होतं. क्षणभरसुद्धा थांबला नाही. "तिने त्याला दुसरा फोन घेऊन दिलाय. माझ्याच आयडीवर. मला चिडवायला."

मी खुर्चीत मागे रेलले. हे मला ओळखीचं होतं. बरोबरच्या अधिकाऱ्याला शाबासकी मिळाली की मी म्हणायचे, वशिला. त्याची केस फसली की म्हणायचे, दाबली असणार. जळणाऱ्या माणसाकडे हरकतीचं उत्तर आधीच तयार असतं. त्याला बोलून हरवता येत नाही.

म्हणून मी बोलणं सोडलं. "तो मांजर्लीतला फोन वाजव," मी म्हटलं.

"आता?"

"रोज वाजवतोस ना? वाजव."

त्याने बोट टेकवलं. रुमाल थरथरला आणि त्याच्याखालून ती कर्कश रिंग सुटली. मी रुमाल काढला. त्याने फोन हातात घेतला, उलटा केला. मागच्या बाजूला एक ओरखडा होता, कोपऱ्यापासून कॅमेऱ्यापर्यंत गेलेला.

"हा... हा माझा आहे," तो म्हणाला. "हा ओरखडा माझ्या हातून पडलाय. मशिनवर."

मग मी त्याला एकेक सांगितलं. खिडकी मांजर्लीच्या गृहस्थांची. पलंग त्यांच्या वडिलांचा. एका कपात वडिलांचा चहा, दुसऱ्यात मुलाचा. म्हाताऱ्याने आज चहा घेतला, हे बहिणीला कळावं म्हणून काढलेले ते फोटो. बांगड्या त्या बहिणीच्या. नंबर पुसत होता तो कंटाळलेला मुलगा. एक माणूस बापाची शुश्रूषा करत होता आणि दुसरा माणूस जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून ती शुश्रूषा बघून पेटत होता. स्वतःच्याच विकलेल्या फोनवर!

आता तो रडेल, असं मला वाटलं. तो हसला. खरंच हसला, मोकळा, सुटल्यासारखा.

"म्हणजे ती तशी नव्हती! बघा, मला वाटतच होतं. गैरसमज झाला, मॅडम. सॉरी. मग आता घरी जाऊ आम्ही?"

आणि त्याहून वाईट म्हणजे अण्णा. चांगला माणूस, पण तोही म्हणाला, "चला, सुटला गुंता. समजुतीने मिटवून टाका."

ती बाकावर बसली होती, तिथल्या महिला शिपायाच्या शेजारी. दवाखान्यातून मलमपट्टी करून आणलेली. रिंग वाजल्यापासूनचं सगळं तिने ऐकलं होतं. ती नवऱ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "आणि ठिपका माझा असता तर?"

त्याला प्रश्न कळला नाही. तो अजून हसतच होता. "पण नव्हता ना! तेच तर सांगतोय."

"असता तर?"

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मिटवायचं नाव परत काढलं नाही. गुन्हा कायम राहिला, कोंडून ठेवल्याचा आणि मारहाणीचा. पुढे कोर्टात जे व्हायचं ते झालं. बाजारातल्या त्या सिंधी दुकानदाराकडेही गेले. तो म्हणाला, "साईं, सगळेच असे विकतात." मी म्हटलं, "मग सगळ्यांना सांगा, पोलीस येऊन गेली." मांजर्लीच्या गृहस्थांच्या फोनमधून त्या माणसाचं खातं त्याच्याच हाताने पासवर्ड बदलायला लावून काढलं आणि फोन साफ करून परत दिला. पेन्शनचं ॲप चाललं. दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम सांगायला आले की बाबा दुपारी निवांत झोपले.

या केसचा फोटो पेपरात आला नाही. माझ्या बरोबरच्याचा त्याच आठवड्यात आला, जीपसकट. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण जीपकडे बघून वाटायचं तसं वाटलं नाही.

लोक मला विचारतात, एवढ्यासाठी नोकरी सोडलीस? फोनमधलं खातं काढायला? मी म्हणते, हो, एवढ्यासाठीच. गुन्हा घडल्यावर कुलूप तोडायला मी कितीजणींच्या दारात पोचणार होते? तुमच्या घरात जाऊन बघा. बायकोच्या फोनमध्ये खातं कोणाचं आहे? आईच्या? "तिला काय कळतं त्यातलं" म्हणून तुम्ही आपली आयडी टाकून दिलीत ना? ती मदत नव्हे. ते बाहेरून लावलेलं कुलूप आहे, फक्त अजून कोणी ओढलेलं नाही.

त्या दिवशी निघताना तिने पंचनाम्यात जप्त झालेला स्वतःचा फोन परत कधी मिळेल ते विचारलं. मिळाला तेव्हा ती भावाला घेऊन आली. म्हणाली, "मॅडम, यातून त्यांचं काढा. माझं टाका." मी जुनं खातं काढलं, फोन पुसला, नवं उघडलं आणि पुढे नाव विचारलं तिथे फोन तिच्या हातात दिला. तिने एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, फक्त स्वतःचं नाव लिहिलं.

मग पासवर्ड मागितला. भाऊ सवयीने वाकला, "थांब ताई, मी टाकतो."

"तू तिकडे बघ," ती म्हणाली.

तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मीही.